गोठलेली माती शोधायला डेड हॉर्स गॅपला

"आजी, मातीतला बर्फ शोधायला येतेस?" असं अन्वीनं विचारलं आणि तव्यावरचं थालीपीठ विसरून मी "येते!" म्हणाले. थालीपीठ करपलं. करपू दे!

अन्वी म्हणजे माझी नात, युनिव्हर्सिटीत गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करते. सैबेरियात म्हणे जमीन वर्षानुवर्षं आतून गोठलेलीच असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात.

"म्हणजे पीआर, कायम राहायचा परवाना मिळालेला बर्फ!" मी म्हटलं.

"पीआर कॅन्सल होतोय, आजी. हवा तापलीय. जमीन वितळून खचते, घरं कलतात."

ऑस्ट्रेलियात तशी जमीन नाही. इथं डोंगरावर थंडीत रात्रीपुरती माती गोठते, तीही हल्ली नेमानं नाही. तिचं तापमान मोजून आणलं नाही तर पोरीचं प्रोजेक्ट बुडणार. हातात दोनच सकाळी होत्या.

शनिवारी सिडनीतल्या टूनगॅबीहून, आमच्या घरून निघालो. गाडी माझा मुलगा संदीप चालवत होता. डोंगराच्या पायथ्याच्या जिंडबाइनपर्यंत सहा तास धरा. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत जाणार असाल तर बर्फासाठी चाकांच्या साखळ्या भाड्यानं घ्या, नॅशनल पार्कचं तिकीट आधीच काढा. वाटेत गोलबर्नचा काँक्रीटचा मेंढा बघाच. घराएवढा आहे, पोटात दुकान!

रविवारी उजाडता थ्रेडबो गावाच्या पुढं डेड हॉर्स गॅपला पोचलो. मेलेल्या घोड्याची खिंड, काय नाव तरी! सगळीकडे नुसता चिखल. एक सकाळ वाया गेली.

सोमवारी मी म्हटलं, "मी निफाडकडची. द्राक्षाच्या बागेत जन्म गेला. दहिवर कुठं टिकतं ते मला विचार. उत्तरेच्या अंगाला, सावलीत." मोठ्या खडकाच्या उत्तरेला गेले, बसले, हात घातला. मनगटापर्यंत चिखल!

संदीप पोट धरून हसला. "आई, इथं सूर्य उत्तरेकडून फिरतो! तू उन्हात बसलीयेस."

मग काय, उठले आणि खडकाला वळसा घालून दक्षिणेला गेले. पाय टाकला तर कर्रर्र! मातीखाली बर्फाच्या शेवया उभ्या, आणि त्यांनी अख्खी माती बोटभर वर उचललेली. अन्वीनं धावत येऊन थर्मामीटर खुपसला. शून्याखाली!

"आजी, यू आर अ लेजंड!" चिखलाच्या हातांनीच मिठी मारली पोरीनं. साडेनऊला बघतो तर सगळ्याची लापशी झालेली.

घरी आल्यावर गुडघे आठवडाभर बोलत होते, पण जीव अजून तिकडंच आहे. रोज सकाळी देवापुढं दिवा लावायच्या आधी मोबाईलवर त्या डोंगराचं तापमान बघते. परवा दोन होतं, काल तीन. चहा नकोसा झाला. आज आकड्याआधी उणे दिसलं, आणि मी जिन्यातूनच ओरडले, "अन्वी, गोठली गं!"