वेटिंगला पहिली

आज खरं लिहिते, नावं ठेवू नका.

पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात सेकंड इयरला बदलीसाठी एकच जागा होती. मी आणि बारामतीच्या कॉलेजातली माझी मैत्रीण स्वाती, दोघींनी अर्ज केला. सकाळी यादी लागली. जागा तिला, मी वेटिंगला पहिली.

माझ्या पोटात दुखलंच. गणित तर मीच शिकवलं होतं तिला!

दुपारी ती तिच्या गावाहून, सणसरहून, पेढे घेऊन आमच्या घरी आली. माझं तोंड बघून म्हणाली, "तुला वाईट वाटत आसंल तर मी न्हाय जात. हितंच शिकू दोघीबी."

'नको जाऊस' अगदी ओठांवर आलं होतं. ती थांबली असती तर जागा माझीच होती.

"जा," म्हणाले, पण खाली बघून. ती रडत गळ्यात पडली.

मनापासून 'जा' म्हणायला तुम्हाला किती दिवस लागले असते?