कानातली शिट्टी

रेकॉर्डच्या कारखान्यात त्याला सगळे ‘कानसेन’ म्हणत. टेपवरचं गाणं ऐकत ते सुईने लाखेच्या तबकडीवर कोरायचं, हे त्याचं काम. त्या तबकडीवरून साचा निघायचा आणि साच्यावरून हजार रेकॉर्डी. म्हणजे त्याची एक चूक हजार घरांत वाजणार. सव्वीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

मग ती चौघं आली. सायकेडेलिक फोक, म्हणजे लोकगीतांना स्वप्नातल्यासारखे आवाज जोडलेलं संगीत वाजवणारी, पहिलावहिला अल्बम. गाणी आजीच्या तोंडची, जुनी अंगाईगीतं. पण बासरी विहिरीतून यावी तशी आणि ढोलाची टेप उलटी फिरवलेली.

“काका, काही साफसूफ करू नका हं,” गाणारी मुलगी म्हणाली. “विचित्र वाटेल ते मुद्दामच केलंय.”

टेपवरचा आवाज त्याला जरा दबलेला वाटला. त्याने वरच्या, बारीक सुरांचा आवाज थोडा चढवला आणि सकाळीच पहिली बाजू कोरून साचेवाल्याकडे पाठवली. दुसरी बाजू ऐकताना मात्र एक शिट्टी सुरू झाली. मुद्दाम केली असेल असं वाटलं, तरी खात्रीसाठी त्याने टेप थांबवली.

शिट्टी थांबली नाही.

ती टेपवर नव्हती, त्याच्याच कानात होती. दार लावून तो नुसताच बसून राहिला. दुपारी बायको डबा घेऊन आली. शिवणकाम करणारी बाई, गाण्याबिण्यातलं तिला काही कळत नसे. त्याने पहिल्या बाजूची टेप लावून तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

“अगंबाई, पाखरं काय गोड ओरडतायत!”

“कुठली पाखरं?”

ती हसली. मग त्याचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. “अहो, गाणंभर तर आहेत.”

टेपवरचा आवाज दबलेला नव्हताच. आपल्याला न ऐकू येणारे सूर आपणच चढवून ठेवले होते! तो तसाच जिना उतरून धावला. साचेवाला तबकडी उचलतच होता.

“थांब! हात लावू नकोस!”

ओरडा ऐकून कारखान्याच्या मालकीणबाई आल्या, मागोमाग काम बघायला आलेली ती चौघं. साच्याची तबकडी वाजवली की खराब होते, म्हणून त्याने आणखी एक तशीच कोरून सगळ्यांसमोर वाजवली. मुलीने कान झाकले; पाखरं सुरीसारखी कापत होती. चौघांतला गिटारवाला मात्र खूश. “भारी! असंच राहू दे.”

पळवाट आयती समोर होती.

“नाही,” कानसेन म्हणाला. “ही तुमची करामत नाही, माझी चूक आहे. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत.”

“कधीपासून?” मालकीणबाईंनी विचारलं.

“तेच ठाऊक नाही, बाई. त्याचीच भीती वाटतेय.”

त्याने पहिली बाजू पुन्हा कोरली आणि मग दुसरी. मुलगी शेजारी बसून ऐकत होती, बारीक आवाज जास्त झाला की बोट वर करत होती. अल्बम नीट निघाला. मालकीणबाईंनी त्याला यंत्रावरून हलवलं नाही, फक्त ऐकायला दुसरा माणूस दिला.

डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. किती वेगाने, ते सांगता येत नाही. तेव्हापासून रोज सकाळी बायको दाराआड उभी राहून हळूच काहीतरी बोलते आणि तो ते परत म्हणून दाखवतो. परवा ती काय बोलली ते त्याला कळलंच नाही. तो नुसतं “हो” म्हणाला आणि चपला शोधू लागला. तिनेही ते पुन्हा म्हटलं नाही.