ब्रेकवरचा पाय

ड्रायव्हिंग मास्तर आणि त्यांची बायको यांची पहिली भेट झाली तेव्हा, मास्तरांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर, समोरच्या रस्त्यावर फळांची हातगाडी, डोक्यावर कपाटाचा आरसा घेऊन चाललेला सुतार, अंड्यांचा टेम्पो, तावातावाने भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्या आणि वळणावर खुद्द पोलिसांची जीप असं सगळं एकाच वेळी हजर होतं. मुलगी नवी, तास पहिला. मास्तर म्हणाले, "हळूच पाय टेकवा." तिने जन्मभर याच परवानगीची वाट बघत असल्यासारखा एक्सलरेटरवर असा काही पाय टेकवला, की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी गाडी सुटली. म्हाताऱ्या भांडण विसरल्या. सुताराला आरशात स्वतःचा शेवट दिसला. आणि मग मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी आरशापासून बोटभर अंतरावर थांबली, टेम्पोतलं एकही अंडं हललं नाही, आणि पोलिसांनी जीपमधून उतरून कडक सलाम ठोकला.

हा सलाम अलीकडचा आहे. जुन्या आवृत्तीत पोलीस नुसते बघत राहायचे. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे समोर फक्त एक कोंबडी होती, आणि गाडी सुरू होण्याआधीच ती निघून गेली होती.

ते काही का असेना, त्या दिवशी मास्तर दोघांच्या प्रेमात पडले: त्या मुलीच्या आणि स्वतःच्या उजव्या पायाच्या. मुलीशी त्यांनी लग्न केलं. पायाचं कौतुक मात्र आजतागायत चालू आहे.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात. ते ऐकून घाबरट माणसाच्या जिवात जीव येतो. मास्तरांचा सगळा धंदा या जिवात जीव येण्यावर उभा होता. "तुम्ही बिनधास्त चालवा हो, माझा पाय आहे ना!" हे वाक्य त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना ऐकवलं होतं. आजवर गाडीला कधी ओरखडा उठला नव्हता. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. वहिनी म्हणायच्या, "आमच्या घरात देवाच्या खालोखाल यांचा पाय."

आणि नेमका त्याच पायाचा गुडघा गेला.

एकदम गेला असता तर बरं झालं असतं. तो जुन्या भाडेकरूसारखा कुरकुर करत, एकेक गोष्ट नाकारत गेला. आधी जिना नाकारला, मग जमिनीवर बसणं. शेवटी अशी वेळ आली की ब्रेकवर पाय ठेवला तर जोर उतरेना आणि जोर लावला तर मास्तरांच्या तोंडून असा काही आवाज निघे, की शिकणारा दचकून आणखी वेग घेई. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यावर धरून मास्तरांना समजेल अशा भाषेत सांगितलं, "बेअरिंग गेलंय. वंगण घालून भागायचं नाही, पार्ट बदलावा लागेल."

"मग बदला की," मास्तर म्हणाले. "विमा आहे माझा. इतकी वर्षं हप्ते भरतोय, एकदाही ताप आला नाही मला."

हे ते फार अभिमानाने म्हणाले. विमा कंपनीला त्यांचा असा भोळा अभिमान कधी कळला असता, तर तिने त्यांचा फोटो दिवाणखान्यात लावला असता.

कंपनीचा पहिला निरोप आला: आधी काही महिने व्यायाम करून बघा. मास्तरांनी केला. पलंगावर आडवं पडून पाय वर, पाय खाली, आणि दर वेळी खाली आणताना सवयीने "ब्रेक!" दुसरा निरोप आला: वजन कमी करा. वहिनींनी ताटातलं तूप, साखर आणि आनंद काढून घेतला. तिसऱ्या वेळी मास्तरांनी स्वतः फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, तुमचा एक्स-रे जुना झालाय."

"अहो, तुमच्याकडे पाठवला तेव्हा नवा होता."

"बरोबर आहे सर. पण आता जुना आहे."

"मग मीही जुना झालोय. मलाही नवा काढून आणू का?"

"सर, आणखी काही मदत करू शकते?"

मास्तरांनी फोन ठेवला आणि एक्स-रे नवा काढला. गुडघा तोच होता, फक्त आणखी वाईट.

पण हे सगळं घरात. मैदानावर, म्हणजे गावाबाहेरच्या ज्या मोकळ्या जागेत मास्तर शिकवत तिथे, यातला एक शब्दही कुणाला कळता कामा नये, अशी घरात सक्त ताकीद होती. ज्याचा ब्रेकवरचा पाय चालत नाही त्याच्या शेजारी बसून गाडी शिकायला कोण येणार? आज गुडघ्याचं नाव काढलं तर उद्या बेकरीवाला आणि परवा निवृत्त मुख्याध्यापिका पलीकडच्या स्कूलमध्ये जाऊन नाव घालणार, याची मास्तरांना खात्री होती. ऑपरेशन होईपर्यंत गुडघा झाकून ठेवायचा आणि शाळा तगवायची, एवढंच त्यांना करायचं होतं.

त्यांनी काय काय युक्त्या केल्या म्हणून सांगू! आधी ते फक्त चढावर शिकवू लागले. चढावर पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते. विद्यार्थी वर पोचला की, "आजचा तास संपला!" आणि उतरायच्या वेळी वहिनी कुठूनशा उगवून गाडी खाली आणत. पण महिनाभर नुसताच चढ चढल्यावर बेकरीवाल्याने विचारलं, "मास्तर, मला लायसन्स फक्त डोंगरावर जायचं मिळणार आहे का?" मग ते बंद झालं.

शेवटी तोडगा निघाला तो वहिनींच्या डोक्यातून. रोज सकाळी त्या विणकामाची पिशवी घेऊन मागच्या सीटवर येऊन बसू लागल्या. "घरी एकटीला करमत नाही," असं कारण सांगायचं. डाव्या हातात मफलर, आणि उजवा हात दोन सीटांच्या मधून हळूच पुढे, थेट हँडब्रेकवर. मास्तर "ब्रेक!" म्हणून ओरडायचे, त्यांचा पाय दिमाखात पेडलवर जाऊन नुसताच बसायचा, आणि मागून वहिनी ओढायच्या. गाडी थांबली की मास्तर मान डोलावत म्हणायचे, "बघितलंत? माझा पाय आहे ना!"

"हो, बघितला," मागून आवाज यायचा.

एका हाताने विणता येत नाही, त्यामुळे तो मफलर इतक्या दिवसांत बोटभरही वाढला नाही. पण आजूबाजूला त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि मास्तरांना वाटलं, पचलं.

अशात कंपनीने एक साहेब पाठवला. गुडघा प्रत्यक्ष बघायला. हा साहेब सडपातळ, घामाने भिजलेला, बसथांब्यापासून चालत आलेला. तो घरी यायचा तो थेट मैदानावर आला, आणि तेही नेमकं बेकरीवाला, मुख्याध्यापिका आणि आणखी दोघे आपापल्या पाळीची वाट बघत उभे असताना.

"पायाला त्रास आहे म्हणे तुमच्या?" साहेबाने मोठ्याने विचारलं.

मास्तरांनी एकवार रांगेकडे बघितलं.

"त्रास? छे हो! कोणी सांगितलं?"

"पेडल वगैरे दाबता येतं?"

"दाबता येतं? अहो, या गावातली अर्धी वाहतूक या पायाने थांबवलीय मी!" आणि लंगडणं लपवायला ते गाडीभोवती एक फेरी ऐटीत मारून आले. त्या फेरीत त्यांना सगळे तारे, काही ग्रहांसकट, दिवसाढवळ्या दिसले.

आठवड्याने गोड आवाजाच्या मुलीने कळवलं: विमाधारकाला त्रास नसल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं आहे, सबब ऑपरेशनची सध्या गरज दिसत नाही.

वहिनी तव्यावरची पोळी विसरल्या.

"स्वतः सांगितलं? काय सांगितलंत तुम्ही?"

"अगं, सगळे उभे होते तिथे..."

"म्हणून तुम्ही कंपनीच्या माणसाला सांगितलंत की गुडघा बरा आहे? ज्या गुडघ्यासाठी मी तूप बंद केलं, ज्याच्यासाठी मी रोज त्या गाडीत वाकडी होऊन बसते, तो बरा आहे?"

"तुला कळत नाही. माझा पाय गेला हे कळलं तर शाळा गेली."

"आणि ऑपरेशन नाही झालं तर?"

जळक्या पोळीचा वास घरभर पसरला आणि त्या दिवशी तीच पोळी मास्तरांच्या ताटात पडली.

पुढचे कित्येक दिवस वहिनी कंपनीला फोन करत होत्या. त्या भांडल्या नाहीत. रोज फोन लावून त्या नवऱ्याच्या गुडघ्याची खुशाली सविस्तर सांगत. काल कसा वाजला, आज जिन्यावर काय म्हणाला, रात्री कुशी वळताना कुठे अडकला. गोड आवाजाच्या मुलीचा आवाज दिवसेंदिवस कमी गोड होत गेला, आणि अखेर तिने साहेबाला पुन्हा पाठवायचं कबूल केलं.

साहेब आला. तोच, तसाच घामेजलेला. रांगही तीच होती. मास्तर छाती पुढे काढून उभे राहिले, तोच वहिनी म्हणाल्या, "साहेब, लांबून काय कळणार? तुम्हीच बसा स्टिअरिंगवर. मैदानात एक चक्कर मारा. पाय चालतो का नाही, तुमचं तुम्हालाच समजेल."

"मला येत नाही हो चालवायला," साहेब म्हणाला. पण त्याचे डोळे चमकले. आयुष्यभर बसने फिरलेल्या माणसाचे डोळे होते ते.

"न येणाऱ्यांसाठीच ही गाडी आहे," वहिनी म्हणाल्या आणि मागे जाऊन बसल्या.

मास्तरांना यात गैर काही वाटलं नाही. मागे वहिनी होत्या. त्यांनी क्लच, गिअर समजावलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "तुम्ही बिनधास्त चालवा, माझा पाय आहे ना!"

गाडी निघाली. साहेबाच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू पसरलं. मैदानाच्या टोकाला, वळण शिकवायला, जुन्या टायरांची उतरंड रचून ठेवली होती. तिकडे गाडी निघाली ती सरळच निघाली.

"वळवा," मास्तर म्हणाले. "वळवा! ब्रेक! ब्रेक!"

साहेबाने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून डोळ्यांवर घेतले. मास्तरांचा पाय पेडलवर जाऊन बसला. बसलाच फक्त.

"अगं ओढ!" मास्तर कुजबुजले.

त्यांनी आरशात बघितलं. वहिनी दोन्ही हातांनी विणत होत्या.

"अगं, ओढ ना!"

"थांबा, टाका चुकेल."

गाडी माणसाच्या चालीने टायरांत शिरली. वरचा टायर डुलला, विचार केला, आणि बॉनेटवर उतरला. इंजिन बंद पडलं. मास्तरांच्या गाडीला पहिला ओरखडा उठला.

रांगेतले सगळे धावत आले. साहेबाने डोळ्यांवरचे हात काढले. "मास्तर, तुमचा ब्रेक..?"

मास्तरांच्या जिभेवर तीन कारणं तयार होती. टायर चुकीच्या जागी होते, साहेबांचा पाय एक्सलरेटरवर होता, आणि ऊन डोळ्यांवर येत होतं. खिडकीत बेकरीवाल्याचं तोंड होतं, त्याच्या मागे मुख्याध्यापिकेचा चष्मा. गुडघ्यात कुणीतरी खिळा ठोकत होतं. तिन्ही कारणं त्यांनी गिळली.

"साहेब, माझा पाय चालत नाही," ते म्हणाले. आधी हळू, आणि मग, एकदा बोललोच आहोत तर बोलून टाकू, अशा आवाजात, "गुडघा गेलाय माझा. बरेच महिने झाले. ब्रेक लागत नाही माझ्याच्याने."

आता सगळे निघून जाणार म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"मास्तर," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटलं, वहिनी मागे बसून इतके दिवस मफलर विणतायत?"

"माहीत होतं तुम्हाला?"

"मला तर चढ चालू होता तेव्हापासून माहीत आहे," बेकरीवाला म्हणाला. "तुमचा पाय नाही हे कळल्यापासून मी माझा पाय ब्रेकवरून हलवतच नाही. जिवाची भीती काय फक्त तुम्हालाच आहे?"

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही इतकं छान लंगडणं लपवत होतात. मोडवेना."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसला, मग आपण कंपनीचे आहोत हे आठवून थांबला. जाण्याआधी मास्तरांना बाजूला घेऊन त्याने विचारलं, "ते सुरुवातीला क्लच हळूहळू सोडतात ना, ते पुन्हा एकदा दाखवाल?"

मंजुरी आली. आली म्हणजे, त्याआधी एक्स-रे पुन्हा एकदा जुना झाला, पण आली. ऑपरेशनच्या सकाळी मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं, "ब्रेक लागेल ना?" आणि त्यांनी तीनदा सांगितलं, "लागेल." नंतरचे काही महिने मास्तर घरात काठी घेऊन चालायला शिकत होते आणि मैदानावर वहिनी शिकवत होत्या. त्या ओरडत नाहीत, त्यामुळे विद्यार्थी वाढले.

गुडघा आता चांगला आहे. शाळा वहिनी चालवतात. मास्तर घरी फोन घेतात.