डिंकल्सब्यूलचे जावई

आडनाव कानावर पडलं की त्या माणसाचं गाव सांगितल्याशिवाय आमच्या गाववाल्यांना चैन पडत नसे. पन्नासच्या दशकात स्टुटगार्टला शिकणाऱ्या आम्हा मोजक्या मराठी पोरांत ते थोरले, डॉक्टरेट करणारे. खरं आडनाव वडगावकर; 'गाववाले' हे आम्ही पाडलेलं नाव. जर्मन आडनावातलं 'अर' म्हणजे आपलं 'कर', हे त्यांनी हेरलेलं; बेकरीत कुणी फ्रँकफुर्टर भेटो की ट्राममध्ये न्यूर्नबर्गर, ते थेट विचारायचे, "काय म्हणते गावाकडची शेती?" समोरचा बिचारा काढता पाय घ्यायचा.

अशा माणसाने प्रेमात पडावं ते हेल्गा डिंकल्सब्यूलरच्या. ते आडनाव मला एका दमात म्हणता येईपर्यंत अख्खा हिवाळा गेला. पुण्याहून त्यांच्या आईचा होकार आला, पण अट घालून: मुलीचं मूळगाव पाहायचं आणि तिथल्या ग्रामदैवताला नारळ ठेवायचा.

तिथे नारळ कुठून आणणार, कपाळ! आम्ही दोघं कोबीचा गड्डा घेऊन डिंकल्सब्यूलला गेलो. गाववाल्यांनी तो चर्चमध्ये मनोभावे ठेवला, आणि पाद्रीबाबांनी आभार मानून सुपासाठी आत पाठवला. इथवर ठीक होतं. पण गावभर विचारूनही डिंकल्सब्यूलर आडनावाचा एक माणूस सापडेना.

"घराणंच खोटं निघालं रे," परतीच्या गाडीत गाववाले रडकुंडीला आले. "आता आईला काय सांगू? आणि हेल्गाशिवाय मी राहू कसा?" परतल्यावर मी नको नको म्हणत असताना या पठ्ठ्याने हेल्गाच्या वडिलांना, पोस्टात नोकरी केलेल्या कडक म्हाताऱ्याला, तोंडावर विचारलं, "तुमच्या गावात तुमचं कुणीच कसं नाही?" झालं, मोडलं लग्न, असं मला वाटलं.

म्हाताऱ्याने सावकाश चष्मा पुसला. "आल्झो, म्हणजे असं बघा, माणूस गाव सोडून बाहेर पडला की लोक त्याला गावाच्या नावाने ओळखतात. गावातल्या गावात तसं कोण म्हणेल? तुमच्या वडगावात वडगावकर किती आहेत?"

"ठाऊक नाही," गाववाले ओशाळून म्हणाले. "आमच्या घरात कुणी ते गाव पाहिलेलंच नाही."

म्हातारा ठसका लागेपर्यंत हसला, आणि लग्न ठरलं.

मी शिक्षण संपवून परतलो. गाववाले हेल्गासाठी तिथेच राहिले. पुढे काही वर्षांनी ती दोघं पुण्याला आली, तेव्हा मी भेटायला गेलो. दारात त्यांची आई शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "आमचे स्टुटगार्टकर आलेत ना, चार दिवस राहायला."

मी फिदीफिदी हसलो. गाववालेही हसले, "म्हणजे पुण्यात आता मी बाहेरचा," म्हणाले. मग पाणी पिऊन येतो म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.