स्केटबोर्डाचा क्रेटबोर्ड

हसायचं असेल तर मंडळी, आधी हातातला कप खाली ठेवा. मागं एकाला हे सांगितलं तर त्याच्या नाकातनं चहा आला, आणि शर्ट खराब केल्याचा ठपका माझ्यावर!

तर झालं असं, दिवाळीला माझा मेव्हणा पुण्याहून आला. सोबत त्याची लेक, आणि लेकीबरोबर तिचा स्केटबोर्ड. म्हणजे चार चाकांची फळी. वर उभं राहायचं, एका पायानं रेटा द्यायचा आणि सुटायचं. पोरगी आमच्या अंगणातल्या कोब्यावर अशी गरागरा फिरायची, की कोंबड्यासुद्धा दाणे टिपायचं सोडून बघत उभ्या.

मी म्हटलं, "आण बरं इकडं, मीपण बघतो."

मेव्हण्यानं हात आडवा घातला. "दाजी, राहू द्या. हे तुमच्या वयाचं नाही. आणि इंपोर्टेड आहे."

वयाचं नाही? अहो, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन मी दिवसभर डाळिंबाच्या बागेत फिरतो. ह्याला एक जिना चढला की धाप लागते!

मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पुढच्या टायमाला या. घरी बनवलेला दाखवतो. तोसुद्धा मोटरचा!"

करंज्या तळता तळता आमची शोभा म्हणाली, "आधी न्हाणीची कडी बसवा. गणपतीपास्नं तुटलीया."

बायको असं बोलली की माणसाला जास्तच चेव येतो, नाही का?

मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला बसलो. त्यातला गोरा माणूस हसत हसत फळी कापतो, हसत हसत मोटर बसवतो आणि हसत हसत डोंगरावरनं खाली येतो. आपल्याला वाटतं, ह्याच्यात काय आहे! ते व्हिडिओवाले पडतात तेव्हाचं दाखवत नाहीत, ही खरी त्यांची बदमाशी.

फळी काढली जुन्या दिवाणाची. चाकं आणि भंगारातल्या इलेक्ट्रिक सायकलची मोटर बारामतीतनं आणली. बॅटऱ्या काढल्या फवारणीच्या पंपांच्या. राहिला वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर. तो बाहेरनं मागवावा लागत होता. म्हटलं, कशाला? गिझरचं जाड बटण फळीच्या मागच्या टोकाला ठोकलं. टाचेनं दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. एवढी अक्कल त्या गोऱ्याला कशी सुचली नाही, याचं मला फार नवल वाटलं.

हे सगळं चाललं होतं आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि ते ऐन तोडणीत. बाहेर बायका डाळिंबं तोडतायत, शोभा उन्हात क्रेट उचलतीय आणि मी आत चाकांना ग्रीस लावतोय. तेवढ्यात दारात आबा! आबा म्हणजे माझे थोरले चुलते. कानानं कमी, आवाजानं जास्त.

"दत्त्या! माल तोडायला आलाय आन् तू हितं काय ठोकत बसलायस?"

"आबा, स्केटबोर्ड."

"काय?"

"स्केटबोर्ड!"

"क्रेटबोर्ड?" आबांनी फळीकडं बघितलं. तिच्यामागं रचलेल्या क्रेटच्या थप्पीकडं बघितलं. मोटरला हात लावला. आणि त्यांचा चेहराच पालटला. "म्हंजी क्रेट वाहायला? मोटरवर? आरं माझ्या वाघा!"

आबांनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. तो हात याआधी मी दहावी पास झालो तेव्हा फिरला होता. आता सांगा, अशा वेळी "नाही आबा, मी खेळणं बनवतोय" असं कुणाच्या तोंडातनं निघेल?

"व्हय आबा," मी म्हणालो. "क्रेटच वाहायला."

झालं! आबांना सांगणं आणि गावात स्पीकर लावणं सारखंच. दिवस मावळायच्या आत गावच्या ग्रुपवर माझा फोटो, वर गुलाबाची फुलं आणि खाली 'आपले शेतकरी संशोधक मा. दत्ताराव'. सकाळी दत्त्या होतो, संध्याकाळी माननीय! लोक बांधावर येऊन विचारायला लागले. किती क्रेट बसतात? चिखलात चालतंय का? मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, "ट्रायल चालू हाय." फार गुणी शब्द आहेत हे. आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीनं याच शब्दांवर वर्षं काढलीत.

मग सरपंच आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. "दत्ताराव, रविवारी प्रात्यक्षिक. शाळंपासनं सोसायटीपातुर नवा काँक्रीट रस्ता हाय. शाल-नारळ माझ्याकडं."

रात्री जेवताना शोभा म्हणाली, "आवो, खरं काय ते सांगून टाका."

"सांगतो."

"कवा?"

"प्रात्यक्षिक झाल्यावर."

"त्या फळीवर तुमी ती चालू आसताना एकदा तरी उभं ऱ्हायलाय का?"

मी भाकरीचा मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

रविवारी अर्धं गाव रस्त्याच्या कडेला. पुढच्या खुर्चीत आबा, नवा फेटा बांधून. माझ्या अंगावर शाल टाकली. नारळ फुटला. फळी रस्त्यावर ठेवली तर तात्या म्हणाले, "मोकळी गाडी काय बघायची? माल टाका!" डाळिंबांनी भरलेला क्रेट पुढच्या बाजूला दोरीनं आवळून बांधला.

मी मागं उभा राहायला लागलो.

"आन् तुमी कशाला वर?" तात्यांनी विचारलं.

"ड्रायव्हर नको का?"

लोकांना ते पटलं. लोकांना शाल घातलेल्या माणसाचं काहीही पटतं.

मी व्हिडिओतल्यासारखे गुडघे वाकवले. दोन्ही हात पसरले. टाचेनं बटण दाबलं.

फळी गेली. मी गेलो नाही!

म्हणजे पाय फळीबरोबर निघाले होते, पण बाकीच्या मला कुणी कळवलंच नाही. एक गिरकी खाल्ली आणि शालीसकट थेट कडेच्या गटारात. तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रश्न आला, अरे, वरचा माणूस पडला तर बटण बंद कोण करणार?

कुणीच नाही! फळी डाळिंबं घेऊन सरळ चालली. कुत्री बाजूला झाली, म्हातारी माणसं बाजूला झाली, ग्रामपंचायतीचे सदस्य तर रस्त्यावरनं थेट चावडीच्या कट्ट्यावर. आणि माझ्याकडं धावायचं सोडून अख्खं गाव तिच्यामागं! सोसायटीच्या दारात पेंडीची पोती रचली होती. फळी त्यांना जाऊन अलगद टेकली. शोभानं जाऊन हातानं बटण दाबलं. टक्! बंद.

मला उठता येईना. मदतीसाठी हात वर केला, तर लोकांना वाटलं मी अभिवादन स्वीकारतोय. तिकडनं टाळ्याच टाळ्या!

शेवटी माझा मीच बाहेर निघालो. अंगावरनं काळं पाणी गळतंय, शाल पायात अडकतीय. आबा क्रेटवर वाकून डाळिंबं तपासत होते. म्हटलं, आता बास. त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आबा, ह्यो क्रेटबोर्ड न्हाय! स्केटबोर्ड हाय! खेळणं! मी उभं ऱ्हाऊन खेळायला बनवला होता!"

शोभानं पदर तोंडाला लावला. रडायला नव्हे, हे सांगायला नकोच.

आबांनी एक डाळिंब उचललं, फिरवून फिरवून बघितलं आणि परत जागेवर ठेवलं. मग माझ्याकडं डोक्यापासनं पायापर्यंत नजर टाकली.

"खेळणं आसंल न्हाय तर आनखी काय आसंल," आबा म्हणाले. "एका फळाला डाग न्हाय. गाडी झ्याक झालीया लेका. फकस्त वरचा माणूस तेवढा काढून टाक!"