आत उतरणारं छप्पर

माझे धाकटे दीर मुंबईत आर्किटेक्ट झाले आणि पोलादपूरजवळच्या आमच्या जागेत त्यांनी नवं घर बांधायला घेतलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागात छप्पर बाहेरच्या बाजूला उतरतं आणि पागोळ्या अंगणात पडतात. भावोजींनी सगळं उलटं केलं. दोन्ही बाजू आत उतरत्या, मधे रुंद पन्हळ आणि पडवीखाली टाकी.

सागाचं एक पान हातात धरून ते मला म्हणाले, "हे बघा वहिनी. बारक्या शिरांवरून पाणी मधल्या शिरेत येतं आणि तिथून देठाकडे जातं. आपलं छप्पर तसंच."

सासूबाईंना ते पटलं नाही. "पाणी घराबाहेर घालवायचं असतं रे. आत घेतलंस तर भिंती कुजतील."

माझा संशय वेगळा होता. मी महाडला शिक्षिका. औद्योगिक वसाहतीवरून एसटी जाताना वास आला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. पाऊस पडणार तो त्याच आभाळातून, आणि तेच पाणी प्यायचं? पहिल्या सरींचं पाणी वेगळ्या पाइपाने बाहेर सोडू, पुढचं वाळू आणि कोळशातून गाळू, असं भावोजींनी समजावलं. मी मान हलवली, पण टाकीचं पाणी फक्त झाडांना घालायचं ठरवलं.

घर झालं, पावसाळ्यात टाकी भरली. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि आम्ही बोअरच्या पाण्यावर आलो. त्यात तूरडाळ कितीही शिजवा, दाणा दाणा वेगळा राहायचा. पण एप्रिलमध्ये एकाएकी वरण लोण्यासारखं होऊ लागलं. चहाचीही चव बदलली. पडवीत टाकीच्या झाकणाभोवती ओल दिसायची.

माझा संशय भावोजींवर गेला; घराच्या उरल्यासुरल्या कामासाठी ते तेव्हा इथेच होते. आपलं खरं करण्यासाठी ते आमच्या हंड्यात पाणी मिसळत असणार. मी सरळ विचारलं.

"मी तुम्हाला चोरून पाजीन, वहिनी?" ते दुखावून म्हणाले. तरी मला खरं वाटलं नाही.

तेव्हा शाळा सकाळची होती. एके दिवशी लवकर सुटली आणि मी घरी आले, तर पडवीत सासूबाई. झाकण बाजूला सारून कळशीला दोर बांधून पाणी ओढत होत्या. मला बघून त्या दचकल्यासुद्धा नाहीत.

"बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाय गो. मला दात कुठं हायत?"

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू जेवली असतीस?"

 त्या दिवशी जेवताना माझा घास तोंडात फिरत राहिला. संध्याकाळपर्यंत मी पोटावर हात ठेवून बसले, पण काही झालं नाही. पुढे पाणी प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं. पिण्यायोग्य आहे असं उत्तर आलं, तेव्हा तिथल्या लोकांनी खरंच तपासलं असेल का, अशी शंका मला आली. भावोजी हसले आणि टाकीतलं पाणी बाटलीत भरून त्यांनी ते माझ्यासमोरच पिऊन टाकलं.

मे महिन्यात सासूबाईंनीच वाडीतल्या बायकांना बोलावलं. हंडे घेऊन त्या यायच्या, पडवीत घटकाभर टेकायच्या. दुसऱ्या दिवशी आल्या की मी प्रत्येकीला विचारायची, "पोट ठीक ना?"

"ठीक हाय, बाई," त्या म्हणायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. मग मीही ते पाणी पिऊ लागले. उकळून.