दोन तासांपुढचे ठिपके
द्रव पटलातून कार्बन डायऑक्साइड कसा पार होतो, याचं गणित मांडून मी पीएच.डी. मिळवली. आमच्या गावी, मयेत, माझा सत्कारही झाला. शाल घालणाऱ्यांपैकी एकालाही मी नेमकं काय केलं ते ठाऊक नव्हतं, आणि तेच बरं होतं.

विषय तसा साधा. प्लॅस्टिकची पातळ, सच्छिद्र चकती घ्यायची आणि तिच्या छिद्रांत अमाइन या रसायनाचं पाण्यातलं द्रावण भरायचं. कार्बन डायऑक्साइड त्या द्रावणाला चिकटतो, पलीकडे जाऊन सुटतो. बाकीचे वायू बहुतेक अलीकडेच राहतात. किती वायू किती वेळात पार होईल, हे माझ्या समीकरणांनी सांगायचं.

आमच्या सरांचा खाक्या असा, की आधी संगणकावर वक्ररेषा काढायची, मग तिला शोभतील असे प्रयोगाचे ठिपके जमवायचे. संगणकाच्या खोलीत चपला काढून जावं लागे, त्यामुळे आतून जे येईल तो प्रसादच, अशी त्यांची समजूत असावी. पहिले दोन तास ठिपके गुमान रेषेवर बसले, मग घसरू लागले. कारण शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सिलिंडरमधला कोरडा वायू द्रावणातलं पाणी उडवून नेत होता, चकती सुकत होती. समीकरणात मात्र ती जन्मभर ओली. मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, कुठेतरी गळती असेल, दोन तासांपुढचे ठिपके खोडून टाक. मी खोडले. एवढा आज्ञाधारकपणा मी वडिलांनाही कधी दाखवला नव्हता.

तुये गावातल्या एका लहान कारखान्याचा मालक सरांच्या ओळखीचा. माझी वक्ररेषा बघून त्याने कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारं यंत्र बनवून घेतलं. प्रबंध परीक्षकांकडे गेला होता, त्याच सुमारास तिथला ऑपरेटर माझ्याकडे आला. बांद्याहून रोज कामाला येणारा, पन्नाशीचा माणूस. यंत्र रोज दोन तासांत मान टाकत होतं. मालक त्याला म्हणे, गणित शिकलेल्या माणसांचं आहे, तेव्हा खोट तुझ्या हातात. शनिवारपर्यंत नीट चालव, नाहीतर घरी बस. त्याने मुलीची शाळेची वही पुढे केली. दर पंधरा मिनिटांनी मोजलेले आकडे आणि त्यांचे ठिपके. मी खोडलेले तेच ठिपके, माझ्यापेक्षा नीटनेटके. खोट माझी नाही, अशा दोन ओळी मालकाला लिहून द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. त्या दोन ओळींत माझा प्रबंध बुडाला असता.

"सर, ही चकती सुकता. तुमका ह्यां म्हायत नाय होतां?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे कधी सुकली नाही."

त्याने वही मिटली.

"मगे माझांच कायतरी चुकलां आसतलां," म्हणाला, आणि मला त्रास दिल्याबद्दल माफी मागून गेला.